अकरावा प्रश्न

मोठ्या सिस्टरांचं अक्षर सुंदर होतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या अक्षराच्या आड इतकी वर्षं लपून राहिला. टपोरं, सरळ, कुठे खाडाखोड नाही. आमच्या दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी पहिल्या मजल्यावर होते. तिथे प्रत्येकीचं एक जाड पिवळट कार्ड असतं आणि त्या कार्डांवर एकतीस वर्षं मुख्यतः त्यांचंच अक्षर होतं. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची तिथे पंधरा वर्षं झाली होती, म्हणून त्या मोठ्या सिस्टर आणि मी धाकट्या. आता माझेही केस पिकलेत, पण मला अजून कुणी बढती दिलेली नाही.

बाई कामाला वाघ. पोटाला हात लावायच्या आधी तळवे चोळून गरम करायच्या. रक्तदाबाचं यंत्र खोटं बोलतंय असा संशय आला तर आधी स्वतःच्या दंडाला लावून बघायच्या. एखादी बाई ठरल्या तारखेला आली नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या घरी फोन जायचा, आणि फोनवर तिला असं काही झापायच्या की ती संध्याकाळपर्यंत हजर. मलाही पहिल्याच आठवड्यात वजनकाटा शून्यावर न आणता वापरला म्हणून सगळ्यांसमोर बोलल्या. मी जिन्यात जाऊन रडले आणि मनात त्यांना नाही नाही ते म्हटलं. पण नंतर तो काटा मी कधी तसा वापरला नाही. काही माणसं अशीच असतात, त्यांचा राग येतो आणि शिकायचं तर त्यांच्याकडूनच असतं.

कार्डाच्या मागे चौदा प्रश्न छापलेले आहेत. आधीची बाळंतपणं किती, घरात कुणाला साखरेचा आजार आहे का, रात्री पाय सुजतात का, असे. अकरावा प्रश्न असा: दारू घेता का? किती, आणि किती वेळा?

हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नसे. दर मंगळवारी दुपारी गर्दी ओसरली की सिस्टर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पुढे घ्यायच्या, त्यावर दवाखान्याचा शिक्का मारायच्या आणि त्याच बैठकीत प्रत्येक कार्डावर अकराव्या प्रश्नासमोर ‘नाही’ लिहून टाकायच्या. बाई अजून दारातही आलेली नसायची आणि तिचं उत्तर तयार असायचं. मी नवी असताना विचारलं होतं, हे असं का? तर म्हणाल्या, वेळ वाचतो आणि समोरच्या बाईची लाजही राखली जाते.

यामागे एक हकिकत होती. मी यायच्या आधी त्यांनी एकीला हा प्रश्न तिच्या सासूसमोर विचारला होता. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या सुनेला तुम्ही समजलात कोण, असं म्हणत त्या थेट मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सिस्टरांना बोलावून सांगितलं की चांगल्या घरच्या बायकांना असलं विचारत जाऊ नका. सिस्टरांना आयुष्यात मिळालेली ती एकमेव ताकीद. त्यांनी ती इतकी मनावर घेतली की पुन्हा कुणालाच विचारलं नाही, ना चांगल्या घरच्या ना कुठल्या. मला त्यांनी हीच रीत शिकवली आणि मीही मंगळवारी त्यांच्याशेजारी बसून गठ्ठ्यातली अर्धी कार्डं भरायला लागले. एकीकडे चहा, एकीकडे गप्पा, आणि हात आपला ‘नाही’, ‘नाही’ लिहीत चाललेला. वर्षाच्या शेवटी या कार्डांवरून एक तक्ता व्हायचा. मद्यपान करणाऱ्या गर्भवती: शून्य. तो तक्ता काचेत बसवून भिंतीवर लावला होता. आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

आता त्यांच्या भाचीचं सांगते. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, लिहा, फक्त मला रडकी दाखवू नका.

सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. बहिणीची मुलगी हेच त्यांचं लेकरू. भाची हुशार, बोलकी. एका मोठ्या हॉटेलात समारंभांचं बुकिंग बघायची. तिथे संध्याकाळी येणाऱ्या लोकांबरोबर बसावं लागायचं, आणि बसलं की हातात ग्लास यायचा. तिला दिवस गेलेत हे तिलाच अडीच महिन्यांनी कळलं. मग ती मावशीकडे, म्हणजे आमच्याकडे, तपासणीला आली. सिस्टर त्या दिवशी भलत्याच खुशीत होत्या. कार्ड स्वतः भरायला घेतलं. मी भाचीच्या दंडाला पट्टा गुंडाळत होते.

भाची टेबलावरचं कार्ड उलटून मागचे प्रश्न वाचताना मला दिसली. ती हळूच म्हणाली, “मावशी, हे अकरा नंबरचं... म्हणजे माझ्या कामावर संध्याकाळी कधीकधी...”

“ते सगळ्यांचं नाहीच असतं,” सिस्टर म्हणाल्या. “चल, काट्यावर उभी राहा.”

मी पट्टा सोडवला आणि ती काट्यावर उभी राहिली. सिस्टरांनी वजन लिहिलं. मी ऐकलं होतं. चांगलं स्पष्ट ऐकलं होतं. पण मावशी-भाचीच्या मधे आपण कशाला तोंड घालायचं, असा विचार करून मी मूग गिळून बसले. नर्सच्या पगारात कान उघडे ठेवणं येतं हे मला तेव्हा कुणी सांगायला नको होतं, तरीही.

मुलगी झाली. वजन कमी भरलं, दूध ओढताना थकायची. आम्ही म्हटलं, बारीक चणीची आहे, भरेल. चालायला लागली ती धावतच सुटली, एका जागी म्हणून बसेना, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. फार गोड पोर. कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारी, कुणाचाही हात धरून चालू लागणारी. तेव्हा ते आम्हाला कौतुकाचं वाटायचं.

शाळेत गेल्यावर कौतुक संपलं. आज पाठ केलेलं उद्या साफ पुसलेलं. परवा पुन्हा येणार, तेरवा पुन्हा गायब. वर्गातल्या एकीची पेन्सिल दुसरीच्या दप्तरात नेऊन ठेवायची, आणि विचारलं तर अशी काही गोष्ट रचून सांगायची की पहिल्या मिनिटाला खरीच वाटावी. दप्तर भर, बूट घाल आणि पाण्याची बाटली घे, असं एका दमात सांगितलं तर ती नुसती बूट हातात घेऊन उभी. भाचीचा नवरा चिडायचा, भाची कधी रडायची, कधी ओरडायची. शेवटी मावशीने सूत्रं हातात घेतली. दर रविवारी सकाळी सिस्टर भाचीच्या घरी जाऊन भिंगरीला शिकवायला बसायच्या.

त्यांची शिकवण म्हणजे शिस्त. चुकलं की वीस वेळा लिही. विसरलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहा. “काल आलं आणि आज येत नाही? नाटकं करतेस?” हे त्यांचं वाक्य मी स्वतः ऐकलंय. मारलं मात्र कधी नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण उभं करायच्या, तासतासभर. काटा शून्यावर आणला की माप बरोबर येतं, तसं पोरीला सरळ केलं की पोर बरोबर येईल, अशी त्यांची समजूत. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटत होतं. त्यांच्या हाताखाली मी तशीच तर तयार झाले होते.

भिंगरी अकरा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या दारातून एका फुगेवाल्याबरोबर निघून गेली. दोन तासांनी सापडली, सुखरूप, त्याच्या गाडीवर फुगे धरून बसलेली. माणूस भला निघाला म्हणून बरं. पण मुख्याध्यापिका म्हणाल्या की आता आमच्याच्याने ही जबाबदारी होणार नाही. मुलीला काही आजार असेल तर डॉक्टरांचं तसं पत्र आणा, आम्ही वेगळी सोय करू. काहीच नसेल तर ती उनाड आहे, आणि मग सत्र संपल्यावर दुसरी शाळा बघा. तीन आठवड्यांची मुदत दिली.

आमच्याकडे त्या वर्षी मुलांच्या नव्या डॉक्टर आल्या होत्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बघणं बारीक. त्यांनी भिंगरीला दोन वेळा तपासलं. डोक्याचा घेर मोजला, डोळ्यांची लांबी मोजली, वरचा ओठ न्याहाळला, चित्रं दाखवून ती पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारली. मग सगळ्यांना बाहेर पाठवून भाचीला एकटीला घेतलं आणि गरोदरपणात दारू घेतली होती का, असं सरळ, शांतपणे विचारलं. समोर टेबलावर जुनं कार्ड होतं. भाचीने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तिथे लिहिलंय तेच.” डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: कारण स्पष्ट नाही.

हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला कळलं त्याच आठवड्यातल्या शनिवारी. नव्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्या नर्सना एक प्रशिक्षण लावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. सिस्टरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, तरी त्या पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या. मी मागे. खरं सांगायचं तर मी डुलकी काढायच्या बेताने बसले होते.

डॉक्टर बोलत होत्या ते पोटातल्या बाळापर्यंत पोचणाऱ्या दारूबद्दल. आईने घेतली की ती बाळाच्या रक्तात जाते, आणि घडत असलेल्या मेंदूला इजा करते. अमुक एवढी चालते असं कुठलंही माप माहीत नाही. कुठल्याही महिन्यात थांबलं तरी फायदाच. मात्र रोज भरपूर घेणारी असेल तर तिला एकदम बंद कर असं सांगून घरी पाठवायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवायचं. विचारायचं सगळ्यांना, एकटीला, आणि तोंडावर जरब न आणता. मग त्यांनी सांगितलं की अशी मुलं कशी ओळखायची. वजन कमी, दूध ओढताना थकतात. काही जणांचा वरचा ओठ पातळ, नाकाखालची खळी सपाट. काल येतं ते आज येत नाही. खोटं बोलतात असं वाटतं, पण त्या आठवणीतल्या रिकाम्या जागा असतात आणि मूल त्या भरून काढतं. अनोळखी माणसाचा हात धरून जातात. दोन सूचना एकदम दिल्या तर एकही पोचत नाही.

“आणि या मुलांना शिक्षा करून उपयोग होत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ती ऐकत नाहीत असं नसतं, त्यांना जमत नसतं.”

मी सिस्टरांच्या पाठीकडे बघत होते. इतका वेळ भराभर चालणारा त्यांचा हात थांबला होता. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, आईच्या कार्डावर नाही असं लिहिलं असेल तर? डॉक्टर म्हणाल्या, चेहऱ्यावरच्या खुणा ठळक असतील तर निदान होतं, पण खुणा पुसट असल्या आणि कार्डावर नाही असलं तर माझा हात तिथेच अडतो. “सध्या एका मुलीच्या बाबतीत अडलाय,” इतकंच बोलून त्या पुढे गेल्या. नाव त्यांनी घेतलं नाही, आणि आम्हा दोघींना ते लागलंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत सिस्टर मला घेऊन थेट नोंदींच्या खोलीत गेल्या. खालच्या फडताळातली बारा वर्षांपूर्वीची पेटी काढली. कार्डांच्या त्या रांगेत बोट फिरवताना मला दिसत होतं, एका कार्डावर त्यांचं अक्षर, एकावर माझं. प्रत्येकावर तो एकच शब्द. भाचीचं कार्ड नव्या डॉक्टरांकडे होतं, पेटीत त्याची जागा रिकामी होती. सिस्टर तिथेच स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, बाई, आपण काही मुद्दाम केलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा पहिल्या आठवड्यातला तो जिना आठवला. “मुद्दामच केलं,” त्या म्हणाल्या. “दर मंगळवारी.”

सोमवारी दुपारी त्या भाचीकडे गेल्या आणि मला बरोबर नेलं. नवरा कामावर, भिंगरी शाळेत. भाची स्वयंपाकघरात कपडे घड्या करत होती. सिस्टरांनी मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः तिच्यासमोर बसल्या आणि शनिवारी शिकलेल्या पद्धतीने, अगदी नव्या नर्ससारखं अडखळत बोलायला लागल्या. म्हणाल्या, मी हे प्रत्येकीला विचारायला हवं होतं आणि तुलाही. तू जे सांगशील त्यावरून मी तुला वाईट ठरवणार नाही. भिंगरी पोटात असताना तू घेत होतीस का, आणि किती?

भाचीने हातातल्या फ्रॉकची घडी पुरी केली. मग म्हणाली, “मावशी, मी तुला विचारायला आले होते.”

“हो. आठवतंय मला.”

“तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, मावशीच काही म्हणत नाही म्हणजे चालत असेल. तुला माहीत असताना तू मला थांबवणार नाहीस, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.”

मग तिने सगळं सांगितलं. आधी कामावर, आणि पुढे सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत घरीही, झोप येत नाही म्हणून. भिंगरी चार-पाच वर्षांची असताना तिने कुठेतरी वाचलं होतं, तेव्हापासून तिला संशय होता. पण कार्डावर मावशीच्या अक्षरात नाही लिहिलेलं. ते खोडायचं म्हणजे मावशीलाही खोटं पाडायचं आणि स्वतःलाही. नवऱ्याला काय सांगू, सासरी तोंड कसं दाखवू, असं करत वर्षं गेली. बोलताना ती रडली नाही. रडत मी होते, दाराजवळ, आणि तेही उगाच, कारण माझ्या रडण्याचा तिथे कुणाला काय उपयोग?

सिस्टर तिला म्हणाल्या, तुझ्याकडे बोट दाखवायचं कुणाला असेल तर आधी माझ्याकडे दाखवू दे. आणि त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी दिलं की अकरावा प्रश्न कुणालाही विचारला गेलेला नाही, कार्डांवरची उत्तरं माझी आहेत, बायकांची नाहीत. साहेब घाबरले. दोन महिन्यांसाठी हे कशाला उकरून काढता, म्हणाले, सारवासारव करू, भाचीच्या कार्डापुरती दुरुस्ती करू. सिस्टरांनी ऐकलं नाही. त्यांच्या कागदावर माझी सही नव्हती. त्यांनी माझं नाव त्यात घातलंच नव्हतं आणि मीही आपणहून घातलं नाही. ते मी पुढे घातलं, त्या निवृत्त झाल्यावर, म्हणजे जेव्हा त्याचा त्यांना काही आधार उरला नव्हता तेव्हा. ही गोष्ट मला अजून टोचते.

निरोप समारंभ कसाबसा उरकला. एकतीस वर्षांच्या मानाने भाषणं फारच थोडी झाली आणि तीही चाचरत. भिंतीवरचा शून्याचा तक्ता कुणीतरी त्याआधीच काढून नेला होता.

प्रश्न आता विचारला जातो. मी सासवांना लघवीच्या तपासणीची चिठ्ठी आणायला खाली पाठवते, दार लावते आणि विचारते. पहिल्या महिन्यातच एकीने सांगितलं, रोज संध्याकाळी दोन ग्लास. चौथा महिना होता तिला. मी तिला सांगितलं, बरं केलंस बोललीस, आणि हात धरून वर डॉक्टरांकडे नेलं. तिचं बाळ छान आहे, निदान आजपर्यंत तरी. त्या बाळाला बघितलं की आनंद होण्याआधी मला फडताळातल्या पेट्या आठवतात. त्यातल्या किती कार्डांवर माझं अक्षर आहे ते मी मोजायला गेले नाही. ती मुलं आता कुठे कुठे उभी असतील, कुणाच्या भिंतीकडे तोंड करून, ते मला कोण सांगणार?

भाचीने नव्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि भिंगरीला पत्र मिळालं. शाळेने तिला ठेवून घेतलं. आता तिला एका वेळी एकच गोष्ट सांगतात, आणि शाळा सुटली की एक बाई तिला दारापर्यंत सोडते. नवरा भाचीशी बरेच दिवस बोलला नाही. मग डॉक्टरांनी त्याला बोलावून समजावलं, आता बोलतो. मेंदूची इजा भरून येणार नाही, पण तिच्याभोवतीची माणसं बदलली तर तिचं पुष्कळ सोपं होईल, असं डॉक्टर म्हणाल्या.

त्यानंतरच्या एका रविवारी मी भिंगरीसाठी चित्रांची पट्टी काढून घेऊन गेले होते. आधी ब्रश, मग बूट, मग दप्तर, असं एकाखाली एक. ती टेबलाशी बसून त्यातले बूट रंगवत होती. सिस्टर आल्या. पाठ करून घ्यायची वही त्यांनी आणली नव्हती. त्या खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. गेले कित्येक दिवस त्या हे कसं बोलायचं याचीच तयारी करत असणार, कारण त्यांचा आवाज फार गंभीर झाला होता. म्हणाल्या, “भिंगरी, जरा इकडे बघ. मला तुला काही सांगायचंय.”

भिंगरीने खडू खाली ठेवला. ती उठून सरळ उभी राहिली, हात मागे बांधले, नजर जमिनीवर टाकली आणि एका दमात म्हणाली, “चुकलं माझं. परत असं करणार नाही. उद्यापासून नीट लक्षात ठेवीन.”

आठवड्याचे वार तिला अजून ओळीने येत नाहीत. हे मात्र एकही शब्द न चुकता आलं.

“अगं, तू नाही, मी चुकले,” सिस्टर म्हणाल्या. “मी तुला उगाच उभं करत होते. तुझं काही चुकलेलं नाही.” त्यांनी तिचे मागचे हात सोडवून आपल्या हातात घेतले. भिंगरीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपल्याकडून नेमकं काय हवंय ते तिला कळेना, म्हणून तिने ती तीन वाक्यं पुन्हा म्हटली, आधीपेक्षा मोठ्याने. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते बघून ती घाबरली, आणि तिसऱ्यांदा म्हणाली.